मावशी मौनात आहे

लंकावी, मलेशिया
१९ मे २०२६

चि. देवयानी,

आशीर्वाद वगैरे ओघाने आलेच, ते धरून चाल. आधी शपथ घे. हे वाचून झालं की फोन उचलायचा नाही. माझ्या लेकीला, आसावरीला नाही, आणि तुझ्या आईला तर मुळीच नाही. प्रतिमा माझी सख्खी धाकटी बहीण, पण तिला एक गोष्ट सांगितली की अख्ख्या अमरावतीत दवंडी पिटल्यासारखं होतं.

तर ऐक. मी नागपुरात नाही. आसावरी समजते की मी बजाजनगरच्या फ्लॅटमध्ये बसून विक्रीच्या कागदांमागे लागले आहे आणि जूनअखेरीस सांता क्लाराला तिच्याकडे पोचेन. मी मलेशियात आहे. लंकावी नावाच्या बेटावर, एका लाकडी घराच्या ओसरीत पाय पसरून बसले आहे. हसू नकोस. मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही.

झालं असं, की अमेरिकेला जाताना क्वालालंपूरला विमान बदलायचं होतं. विमानात एक मासिक होतं, त्यात या घरांचे फोटो. गावोगावची जुनी मलय घरं, मोडकळीला आलेली. कुणीतरी ती सुटी करून, फळी न् फळी इथे आणून पुन्हा उभी केली आणि त्यांचं हॉटेल केलं. जन्म पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या बाईला असलं काही दाखवू नये. क्वालालंपूरला पुढच्या विमानाची घोषणा झाली, माणसं रांगेला लागली आणि मी आपली बसूनच राहिले. ‘पॅसेंजर शैलजा नाफडे’ असं पुकारलं तेव्हा मीसुद्धा इतरांसारखं इकडेतिकडे बघितलं, कोण ही बाई म्हणून. बॅग परत मागायला गेले तर काउंटरवरची मुलगी विचारते, ‘आर यू अनवेल?’ म्हटलं, बरी आहे ग, पहिल्यांदाच बरी आहे.

आपल्या लोकांना इथे महिनाभर व्हिसा लागत नाही. तेवढे दिवस राहणार. मग पुढचं पुढे.

तुला कळवते कारण कुणा एकाला तरी माहीत हवं मी कुठे आहे. व्हॉट्सॲप काढून टाकलंय, त्यात ‘ऑनलाइन’ दिसतं. मेलच कर. आणि लांबलचक लिही, ‘ओके मावशी’ असलं तुटक लिहिलंस तर फटका खाशील.

तुझी
शैलामावशी


स्टेट कॉलेज
२० मे २०२६

मावशीऽऽऽ,

तुझा मेल कॅम्पसच्या बसमध्ये वाचला आणि इतक्या जोरात ‘काय?’ ओरडले की ड्रायव्हरने ब्रेक मारला. माझा स्टॉप गेला. लॅबपर्यंत चालत आले आणि चालता चालता पुन्हा दोनदा वाचला. यार मावशी, तू पळून गेलीस! लिटरली पळून गेलीस!

मी कुणाला सांगणार नाही, शपथ. फक्त अबोलीला सांगितलं, पण ती रूममेट आहे, ती काउंट होत नाही. ती म्हणाली, तुझ्या मावशीचं पोस्टर लावू या किचनमध्ये.

एक सांगू? मला कधीपासून बोलायचं होतं. चार वर्षं तू त्या घरात काय करते आहेस? रुहीला शाळेत सोडायचं, आणायचं, डबे, कपड्यांच्या घड्या, आसावरीताईच्या मीटिंग्ज आणि वेदांतजीजूंचे ऑनकॉल सांभाळून कुकर लावायचा. कार चालवता येत नाही म्हणून कुठे जायचं तर शनिवारची वाट बघायची. फुकटची नॅनी केलंय त्यांनी तुला. वर फ्लॅटही विकायला लावत होते. तू तो विकला नाहीस ना? म्हणूनच पळालीस ना? फार बेस्ट केलंस. आय ॲम सो प्राउड ऑफ यू.

इथलं, स्टेट कॉलेजचं, काय सांगू. सेमिस्टर संपलं, गाव रिकामं. थीसिसचं शेवटचं चॅप्टर संपत नाही. ऑगस्टमध्ये ॲन आर्बरला पोस्टडॉक सुरू होतोय, म्हणजे पुन्हा बॉक्सेस, पुन्हा नवीन अपार्टमेंट, पुन्हा कुठल्या तरी अनोळखी मुलीबरोबर फ्रिजचे कप्पे वाटून घ्यायचे. कधी कधी वाटतं मीही एखाद्या एअरपोर्टवर बसून राहावं.

फोटो पाठव! घराचे, समुद्राचे, तुझे!

तुझी
देवयानी


लंकावी
२५ मे २०२६

चि. देवयानी,

फोटो पाठवलेत. माझा नाही पाठवला, नाक सोललंय उन्हाने.

आधी तुझे कान उपटते. रुही माझी नात आहे. तिच्या वेण्या मी घातल्या त्या काही नोकरी म्हणून नाही. माझ्या लेकीबद्दल मी काहीही बोलेन, तू बोलायचं नाहीस. फ्लॅटचं नंतर बोलू.

आता घर. जमिनीपासून पुरुषभर उंच, खांबांवर. जिन्याच्या तळाशी पाण्याचा रांजण आणि नारळाची कवटी, पाय धुऊनच वर यायचं. आत काळपट लाकूड, भिंतीच्या वरच्या अंगाला कोरीव जाळी, तिथून वारा येतो. खिळा म्हणून नाही कुठे, सगळं खाचेत खाच आणि वर पाचर. मी पहिल्या दिवशी पलंगाखाली शिरून जोड बघत होते, तेवढ्यात चहा घेऊन कुमार आला. हा इथला तमिळ गडी, मला ‘मदर’ म्हणतो. त्याला वाटलं मी पडले. आता रोज सकाळी विचारतो, ‘मदर, टुडे अप ऑर डाउन?’

बाकीच्या घरांत सगळी नवी जोडपी. मी एकटी दिसले की त्यांना वाटतं मी कुणाची तरी सासू. न्याहारीला नारळाच्या दुधातला भात देतात, झकास असतो, वर वाळके मासे घालतात ते मी मांजरीला देते. मांजरी मोप आहेत. थोडक्यात काय, सगळं छान आहे आणि मला एक क्षण बसवत नाही. ओसरीत बसले की आत जावंसं वाटतं, आत गेले की किनाऱ्यावर. समुद्राकडे तरी किती बघायचं ग? पलंगाची दिशा तीनदा बदलून घेतली. रोकिया म्हणून इथली मॅनेजर आहे, माझ्याहून थोडी लहान, ती म्हणाली, आंटी, लोक इथे विश्रांतीला येतात, तुम्ही फर्निचर हलवायला आलात.

तिला मी विचारलं, हे घर मूळचं कुणाचं? म्हणाली, मुख्य भूमीवरच्या एका गावातल्या म्हातारीचं. नवरा गेला, मुलगा शहरात. घर विकून टाकलं. मी विचारलं, आणि म्हातारी? रोकियाने सहज सांगितलं, मुलाकडे, क्वालालंपूरला, टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर. इथे एकदा घर बघायला आणलं होतं तिला, जिना चढली, हात धुतले आणि सवयीने चूल कुठाय विचारलं. तिथे आता बाथरूम आहे.

त्यानंतर मला त्या बाथरूममध्ये धड आंघोळ करवत नाही.

आसावरीने फोन केला होता. व्हिडिओ लाव म्हणत होती. नेटवर्क नाही म्हणाले. हे किती दिवस चालणार कोण जाणे. तुला विचारलं तर सांग, मावशी कामात आहे.

तुझी
शैलामावशी


स्टेट कॉलेज
२८ मे २०२६

मावशी,

रागावणार नाहीस ना? आधी प्रॉमिस कर.

काल आसावरीताईचा फोन आला. ‘देवू, आई व्हिडिओवर का येत नाही? तुझ्याशी बोलते का?’ मी ‘कामात आहे’ म्हणाले. तर ती, ‘कसलं काम? रात्री आठ वाजता कुठलं रजिस्ट्रारचं ऑफिस उघडं असतं?’ माझी फे फे उडाली. समोर अबोली तिच्या आईशी फोनवर बोलत होती. तिच्या ताईचं नवीन लग्न झालंय ना, तर अधिक महिना आहे म्हणून जावयाला अनारशांचं वाण कुरियरने अमेरिकेला पाठवायचं चाललं होतं. माझ्या कानावर ‘अधिक महिना’ पडलं आणि तोंडातून निघून गेलं, ‘अगं ताई, मावशीने अधिकाचं मौन धरलंय. महिनाभर. बोलत नाही कुणाशी.’

ताईने फक्त विचारलं, ‘आईने? मौन?’ मी म्हटलं, हो, शांत वाटतं म्हणते. ताई हळूच म्हणाली, ‘बरं.’ आणि फोन ठेवला. सो इट वर्क्ड! आता तुला पंधरा जूनपर्यंत कुणी फोन करणार नाही. थँक मी लेटर.

देवयानी


लंकावी
२९ मे २०२६

देवयानी,

कपाळ माझं. मौन? मी? अगं गाढवे, बोलण्याचं सोड. तुझे काका गेले तेव्हा दारातून गुरुजींना परत पाठवणारी बाई मी. हळदीकुंकवाला जाऊन डाळ-पन्हं खाऊन येते, पण कधी उपास केला नाही. हे आसावरीला माहीत नाही? तिच्यासमोरच झालंय सगळं. सांगायचंस की मला कावीळ झाली, पाय मोडला. दोन्ही पटलं असतं.

आता गप्प बस. मी फोन करून काही सांगितलं तर मौन मोडलं असं होईल आणि नाही केला तर मौन खरं ठरेल. छान अडकवलंस. फोनच बंद करून ठेवलाय.

ती ‘बरं’ म्हणाली ते मला आवडलेलं नाही. माझी मुलगी भांडते तेव्हा ठीक असते.

शैलामावशी


लंकावी
५ जून २०२६

चि. देवयानी,

तुझं उत्तर नाही. रुसलीस की थीसिसमध्ये बुडालीस? आसावरीचाही काही मेल नाही. मी दिवसातून दहादा टॅब उघडते. कुमार म्हणतो, मदर, त्याला चार्जिंगपेक्षा विश्रांती लागेल.

काल इथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. अगदी समुद्राला लागून एक लहान घर आहे. लाटांनी तिथली वाळू खाऊन टाकली, घर मागे सरकवायचं होतं. सुटं करायला वेळ नाही, आणि क्रेन आणावी तर माडांमधून वाट नाही. मग रोकियाने जवळच्या गावात निरोप दिला. सकाळी माणसं आली. शेतातली, होडीवरची, शाळेतले मास्तर, सगळे. घराखालून बांबू बांधले आणि एकेका बांबूला खांदे लावून उभे राहिले. पूर्वी गावात असंच करत, रोकिया म्हणाली, घर हलवायचं म्हणजे गावाला बोलवायचं आणि नंतर जेवू घालायचं.

खांब पुरलेले नसतात, देवयानी! मी इतके दिवस बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. नुसते दगडावर टेकवलेले असतात. मी जन्मभर पाया खणण्याचे नकाशे काढले. इथे घर आपल्या वजनाने उभं, आणि उचललं की उचललं. त्यांच्या भाषेत एक-दोन-तीन झालं आणि ते घर, जिना सोडून सगळं, दारंखिडक्या, छप्पर, हवेत. चालायला लागलं!

मला राहवलं नाही. मधल्या बांबूला दोन माणसांमध्ये जागा होती, तिथे घुसले. रोकिया ओरडली, आंटी, नो, नो. माझ्यामागचा माणूस हसला आणि त्याने थोडं सरकून घेतलं. माझ्या खांद्यावर वजन किती आलं म्हणशील तर पिशवीएवढंसुद्धा नाही, पण आलं. घर नव्या दगडांवर ठेवलं तेव्हा सगळे ओरडले, मीही ओरडले. मग जेवणं झाली.

दुपारी ओसरीत बसून मी रडले. चांगली हमसून. कुमारला वाटलं खांदा दुखतोय, त्याने बाम आणून दिला.

तुला वाटतं तुझी मावशी मोठी शूर. तसं नाही बाळा. मी घाबरून बसले त्या विमानतळावर. घर हलवता येतं, हे काल मी डोळ्यांनी बघितलं. पण त्यासाठी हाक मारावी लागते. मी कुणाला हाक मारली? कुणालाच नाही. तुलाही नुसती बातमी कळवली.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. उद्या लिहिते, आज धीर नाही.

शैलामावशी


स्टेट कॉलेज
६ जून २०२६

मावशी,

लिहू नकोस. कळलंय मला.

आसावरीताईला मौनावर विश्वास बसलाच नव्हता. तिला वाटलं तू डिप्रेशनमध्ये आहेस. आठवडाभर तिने मला काही दाखवलं नाही, तिकडे डॉक्टर शोधत होती, तिकीट बघत होती. शेवटी तिने राजारामकाकांना, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या, वर जाऊन बघायला सांगितलं. ते गेला महिनाभर मुलाकडे पुण्याला होते, परवाच परतलेत. त्यांनी बेल वाजवली तर अनोळखी बाईने दार उघडलं. म्हणाली, ‘नाफडे मॅडम तर कधीच्या अमेरिकेला गेल्या. घर आम्ही घेतलं ना. मुलाच्या शाळेसाठी लवकर ताबा दिला त्यांनी, मोठ्या मनाच्या हो.’

मावशी, तुझा फोन बंद, म्हणून ताईला वाटलं तू गेलीस. म्हणजे गेलीसच. विमान घेतलं आणि कुठे पोचली नाहीस. तिने मला फोन केला. वेदांतजीजू मागून एअरलाइनशी बोलत होते. मी सगळं सांगितलं. शपथ मोडली. सॉरी नाही म्हणणार.

घर विकलं होतंस! मी तुला हीरो समजत होते, अबोलीला सांगत होते की मावशीने फ्लॅट विकायला नकार दिला. मला पहिल्याच मेलवरून कळायला हवं होतं. जी बाई जूनअखेरीस जाणार ती मेमध्ये विमानात काय करत होती? तू मला निम्मंच सांगितलंस आणि मी बाकीचं माझ्या मनाने भरलं. आय फील सो स्टुपिड. आणि मला भीती वाटते आहे. महिना संपल्यावर तू कुठे जाणार होतीस?

देवयानी


सांता क्लारा
७ जून २०२६

आई,

तू जिवंत आहेस हे देवूने सांगितल्यावर मी पहिल्यांदा वेदांतला एअरलाइनचा फोन ठेवायला लावला आणि मग तुझा इतका राग आला की हा मेल तिसऱ्यांदा लिहिते आहे. फोन करणार नाही. फोनवर मी ओरडेन आणि तू ‘बरं’ म्हणून ठेवून देशील.

दोन दिवस, आई. रुहीला आम्ही सांगितलं की आजीचा फोन बिघडलाय. ती म्हणाली, ‘देन कॉल द नेबर्स.’

ताबा आधीच दिलास हे मला का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, उशीर होतोय. मी म्हटलं, सावकाश ये. दर वेळी म्हटलं, घाई करू नकोस, सावकाश ये, जूनअखेरीस आलीस तरी चालेल. काल वेदांत म्हणाला, ‘आसावरी, तू त्यांना घर विकायला लावलंस आणि वर येऊ नका म्हणालीस. तू त्यांच्या जागी असतीस तर काय समजली असतीस?’ तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई, तुला वाटलं का, मला तू नको आहेस?

मागच्या अंगणात तुझ्यासाठी घर बांधतोय आम्ही. वेगळं, छोटं, बाथरूम, किचन सगळं असलेलं. तू नागपूरला गेलीस त्याच आठवड्यात खणायला घेतलं. तू यायच्या आत पूर्ण करून तुला चकित करायचं होतं. पावसाने लांबलं, परमिटने लांबलं, म्हणून सावकाश ये, सावकाश ये. तुझी खोली म्हणजे माझं ऑफिस. रोज सकाळी माझी मीटिंग सुरू झाली की तू पांघरूण घडी करून स्वयंपाकघरात जाऊन बसतेस, शब्दाने बोलत नाहीस. मला दिसत नाही असं वाटतं तुला? मला रोज लाज वाटते.

भिंती उभ्या राहिल्यात, आतलं व्हायचंय. प्लॅन जोडलाय. आता तरी ये. तिकीट पाठवू?

आसावरी


लंकावी
९ जून २०२६

प्रिय आसावरी,

हो. वाटलं.

घर देऊन टाकलं, चावी त्या बाईच्या हातात ठेवली आणि त्याच संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, सावकाश ये. माझ्याकडे सावकाश राहायला जागा नव्हती ग. तसं सांगितलं असतं तर तू लगेच ये म्हणाली असतीस, पण ते दया म्हणून. ते मला नको होतं. तिकीट होतं, निघाले. क्वालालंपूरला बसले आणि वाटलं, तिथे जाऊन दारात उभी राहिले आणि तुझा चेहरा क्षणभर जरी पडला तरी मी तो विसरू शकणार नाही. म्हणून उठले नाही.

तुला दोन दिवस जे भोगावं लागलं त्याला क्षमा नाही. रुहीला सांग, आजीचा फोन नाही, आजी बिघडली होती.

आता प्लॅन. तू आर्किटेक्ट नेमलास, परमिट काढलंस, सगळं केलंस. फक्त आईला विचारलं नाहीस. अगं, पीडब्ल्यूडीच्या अर्ध्या क्वार्टरांचे नकाशे माझ्या हातचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या न्हाण्या कुठे आणि मोऱ्या कुठे ते मी ठरवलं, आणि माझं स्वतःचं पहिलं स्वतंत्र घर मला मेलला जोडून येतं? राग येणार नाही तर काय होईल?

एकच शेगडी दिली आहे. चहा आणि दूध मी एका वेळी कशी ठेवू? खिडकी कुंपणाकडे, म्हणजे मी फळ्या बघत बसायचं. आणि दार! दार थेट तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. मी बाहेर पडले की तुला दिसणार, आत आले की दिसणार. मी काय दूध आहे, उतू जाईन म्हणून लक्ष ठेवायला?

तुमचा प्लॉट कोपऱ्यावरचा आहे. बाजूने रस्ता जातो, त्यावर बस येते, मी चार वर्षं ती खिडकीतून मोजली आहे. दार रस्त्याकडे कर. मला तुझ्या अंगणातून, तुझ्या दिवाणखान्यातून, तुझ्या कुत्र्याला ओलांडून बाहेर जायचं नाही. मला रस्त्यावर पाय ठेवायचाय, सरळ. ते होणार नसेल तर मी येणार नाही. रागाने नाही म्हणत. तिथे राहिले तर मी पुन्हा एखाद्या विमानतळावर बसून राहीन, आणि पुढच्या वेळी देवयानीलाही कळवणार नाही.

तिकीट नको. अमेरिकेला येते आहे, पण तुझ्याकडे नाही.

आई


लंकावी
१३ जून २०२६

चि. देवयानी,

तू विचारलंस, महिना संपल्यावर कुठे जाणार होतीस. खरं उत्तर, मला माहीत नव्हतं. रोज उठून तेच विचारायची स्वतःला आणि मग पलंग हलवायची.

आता हाक मारते. तुझ्याकडे येऊ का? तुझे बॉक्स भरते, ॲन आर्बरला लावून देते. ऑगस्टपर्यंत. तुझी खोली लहान असेल तर सतरंजीवर झोपेन, पण नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. ‘चालेल चालेल’ असलं नको. ते मी ओळखते.

निघायचं म्हटल्यावर रोकियाने विचारलं, पुन्हा याल का? म्हटलं, नातीला घेऊन. कुमार म्हणाला, मदर, तोपर्यंत मी सगळे पलंग जमिनीला ठोकून ठेवतो.

शैलामावशी


स्टेट कॉलेज
१३ जून २०२६

मावशी,

ये. अबोलीने आत्ताच सोफा बेडरूममध्ये ओढलाय, माझं मत न विचारता. आणि प्लीज, मला पुन्हा अर्धं सांगायचं नाही. मीही कुणाला मौनात टाकणार नाही.

देवयानी


सांता क्लारा
९ ऑगस्ट २०२६

आई,

देवूने फोटो पाठवला, ॲन आर्बरच्या किचनमध्ये तू शिडीवर आणि ती खाली शिडी धरून रडवेली. उतर ग बाई. ती शेल्फं तिच्या लँडलॉर्डची आहेत.

दोन महिने मी तुला काही लिहिलं नाही, रुहीच तेवढी तुझ्याशी बोलत होती. मी रागात होते. तू देशात आलीस आणि माझ्याकडे आली नाहीस, लोकांनी विचारलं तर मी सांगत होते की देवूला मदत हवी होती म्हणून. रात्र रात्र तुझं ते दाराचं वाचायचे आणि वाटायचं, मी एवढं केलं आणि ही दाराचं घेऊन बसली. मग एक दिवस वेदांत ऑफिसला, रुही कॅम्पला, मी तुझ्या त्या अर्धवट घरात जाऊन उभी राहिले. दारातून बघितलं. माझ्या स्वयंपाकघरात मीच ठेवलेला कप मला दिसत होता, त्याच्यावरचं नावसुद्धा वाचता येत होतं. मी संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरला फोन केला.

तो वैतागला, सुधारित परमिट काढावं लागलं, पण दार फिरलं. रस्त्याकडे. शेगड्या दोन आहेत. कुंपणाकडची खिडकी बंद करून मागच्या लिंबाच्या झाडाकडे काढली. नवा नकाशा जोडलाय, लाल पेनने चुका काढून पाठव, आता बिनधास्त.

पण दार रस्त्याकडे केल्यावर लक्षात आलं, समोर आमचं लाकडी कुंपण. वेदांत म्हणाला, तिथे एक फाटक करू, स्मार्ट लॉक लावू, आई आत-बाहेर गेल्या की आपल्या फोनवर कळेल, सेफ्टीसाठी. तो चांगल्या मनाने म्हणाला. मी पण आधी ‘हो’ म्हटलं. मग नको म्हटलं. आमचं त्यावर बरंच भांडण झालं. काल शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून त्या बाजूचं सगळं कुंपणच काढलं. शेजारचे अनिशकाका पहार घेऊन आले मदतीला. कुत्र्याला आता बांधावं लागतं.

तू कधी येणार ते मी विचारत नाही.

रुही तिथे नव्या पायरीवर बसून पॉप्सिकल खात होती. मोकळ्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मम्मा, नाऊ आजी कॅन जस्ट लीव्ह. वी वोन्ट ईव्हन नो.’

मी म्हटलं, हो.

तुझी
आसावरी